वेलांटी पहिली की दुसरी

आमच्या मंडळात पक्ष्यांवरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. मिठागरात दूरवर एक राखाडी ठिपका दिसला की एक जण त्याला तुतवार म्हणे, दुसरा चिखल्या म्हणे, तिसरा दगड म्हणे, आणि तिघंही एकमेकांचा मान राखून घरी पोहे खायला परतत. भांडणं होत ती मंडळाच्या नावावरून. ‘मुलुंड पक्षीनिरीक्षण मंडळ’ यातल्या ‘क्षी’ची वेलांटी पहिली की दुसरी, हा प्रश्न स्थापनेपासून लोंबकळत होता. समासात शिरला की पक्षी आखडतो आणि त्याची वेलांटी ऱ्हस्व होते, असं अध्यक्ष भाऊराव सांगत. वीज कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस. नियम म्हटला की त्यांच्या चेहऱ्यावर दिवा लागे. माझे वडील, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, मंडळाचे चिटणीस होते आणि ते न चुकता दीर्घ लिहीत. ‘उडणारा प्राणी आहे, भाऊराव. पंख पसरू द्या की त्याला,’ एवढंच त्यांचं व्याकरण. मी पार्ल्याला एका ग्रंथालयात नोकरी करते. भाऊराव बरोबर आहेत हे मला ठाऊक होतं. मी कधी बोलले नाही.

दिवाळी सरता सरता अण्णा गेले. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. समाचाराला मंडळाचे लोक आले तेव्हा भाऊराव ‘माणूस असा होता, की’ एवढं म्हणून थांबले, उठले, खिडकीशी गेले आणि बाहेरच्या झाडाकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले, ‘तांबट.’ मग सगळेच खिडकीशी गेले. माझ्या मावसबहिणीला हा प्रकार अपमानाचा वाटला. मला त्या दिवसांतला तेवढा एकच समाचार बरा वाटला.

आता कार्यक्रमपत्रिकेकडे वळते. मंडळ दर वर्षी एका जाड कार्डावर साऱ्या वर्षाचे कार्यक्रम छापत असे. जानेवारीत ‘तिळगूळ आणि बदके’, कोजागिरीला ‘मसाला दूध आणि घुबडे’, पितृपक्षात ‘कावळा: समज आणि गैरसमज’. मराठी माणसाला नुसतं पक्ष्यासाठी घराबाहेर काढता येत नाही, त्याला एखादा सण किंवा एखादा पदार्थ जोडावा लागतो, हे अण्णांनी ओळखलं होतं. पंच्याऐंशी सालचं कार्ड त्यांनी दिवाळीआधीच छापायला दिलं होतं. ते डिसेंबरात आलं. मार्चपुढे छापलं होतं: ‘व्याख्यान. विषय: आपल्या भागात कोण आले, कोण गेले, कोण राहिले. वक्ते: मंडळाचे चिटणीस.’

कार्यकारिणीची बैठक आमच्याच बाहेरच्या खोलीत भरली. भाऊराव, खजिनदार वनमालाबाई आणि मी. समोरच्या ब्लॉकमधले नाना सभासद नव्हते, पण चहाचा वास आला की ते कुठल्याही संस्थेचे सल्लागार होत.

‘सुहास,’ भाऊराव घसा साफ करून मला म्हणाले, ‘मार्चला आपण श्रद्धांजली सभा ठेवू. दोन मिनिटं स्तब्धता, दोन-चार भाषणं. आणि त्याच सभेत मंडळ विसर्जित करण्याचा ठराव. रीतसर.’

‘विसर्जित कशाला?’

‘अगं, माणसं कुठायत? जानेवारीत तिळगूळ उरला. मंडळाच्या इतिहासात तिळगूळ कधी उरला नव्हता.’

‘कोजागिरी तेवढी ठेवा,’ नाना म्हणाले. ‘घुबड दिसलं नाही तरी चालतं, दूध आटीव पाहिजे. बाकी सगळं बंद करा.’

वनमालाबाईंनी माझ्या बशीत आणखी एक चकली ठेवली. त्यांची सहानुभूती तळणीतूनच व्यक्त होई.

मला त्या दिवसांत श्रद्धांजली या शब्दाचा कंटाळा आला होता. ग्रंथालयात, बँकेत, रेशनच्या दुकानात, जो तो डोकं तिरकं करून हळू बोलायचा. कार्डावर व्याख्यान छापलं होतं. अण्णांनी छापलेला कार्यक्रम आजवर कधी रद्द झाला नव्हता. एकदा वक्ता गोवराने आजारी पडला तर त्यांनी वक्त्याविनाच चर्चा घडवली होती.

‘मार्चला व्याख्यान होईल,’ मी म्हणाले.

‘करणार कोण?’

‘मी बघते.’

‘आणि ऐकणार कोण?’

‘तेही बघते.’

भाऊरावांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात ठेवला. ‘ठीक आहे. हॉल निम्मा जरी भरला तरी मी हा ठराव मांडणार नाही. नाही भरला, तर तिथेच मांडणार. आणि स्तब्धता मात्र असेलच, हे आत्ताच सांगून ठेवतो.’

‘स्तब्धता नको.’

‘नियम आहे, सुहास.’

वक्ता मिळवणं सोपं गेलं. पार्ल्याचे विद्याधर आगाशे अण्णांचे जुने स्नेही होते आणि उभा जन्म पक्षी पाहण्यात घालवल्याने त्यांचा आवाज कुजबुजीच्या वर कधी जात नसे. ते लगेच हो म्हणाले. म्हणजे तसं मला वाटलं; ओठ हलताना दिसले.

हॉल मिळवणं सोपं गेलं नाही. शाळेच्या हॉलची परवानगी एका कचेरीतून घ्यावी लागे, आणि महापालिकेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या.

‘पक्षीय कार्यक्रमाला हॉल नाही,’ खिडकीपलीकडचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले.

‘पक्षीय नाही हो. पक्षी.’

‘तेच ते. पक्षाचा तो पक्षी.’

‘पक्षी म्हणजे बगळा, खंड्या, टिटवी.’

आता त्यांनी मान वर केली. ‘तीन-तीन चिन्हं? अपक्ष आहात का?’

‘मी कोणीच नाही. आम्ही पक्षी बघतो.’

‘मग बघा की, बाई. त्याला हॉल कशाला? आभाळ आहे ना वर.’

मी हरले नाही. रोज कामावरून परतताना त्या खिडकीशी जाऊन उभी राहू लागले. शेवटी त्यांनाच माझी कीव आली असावी किंवा कंटाळा, पण परवानगी मिळाली. टंकलिखित कागदावर अट होती: ‘सदर कार्यक्रम पूर्णतः पक्षीविरहित असावा.’ त्यांना ‘पक्षविरहित’ म्हणायचं होतं. टंकलेखकाने उदार मनाने एक वेलांटी जास्त दिली होती.

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. भाऊरावांनी तो कागद दोनदा वाचला. ‘ही अट आहे, सुहास. लेखी आहे. वक्त्याला पक्ष्यांबद्दल बोलता येईल, पण पक्षी हॉलमध्ये असता कामा नये.’

‘हॉलमध्ये पक्षी कुठून येणार?’

‘चित्रातला पक्षी हा पक्षी धरायचा का, हे त्यांनी स्पष्ट केलेलं नाही.’ आणि खरोखरच त्यांनी शाळेत जाऊन हॉलमधल्या सरस्वतीच्या तसबिरीतला मोर एका पोस्टकार्डाने झाकून टाकला. सरस्वती पोस्टकार्डाशेजारी बसलेली दिसू लागली. पत्राची वाट पाहत असावी तशी.

यानंतर फलक. स्टेशनच्या पूर्वेला धोंडिराम पेंटरचं दुकान होतं. निवडणुकीमुळे त्याला डोकं खाजवायला फुरसत नव्हती. दुकानभर कापडं वाळत होती आणि प्रत्येकावर ‘पक्षाचे अधिकृत उमेदवार’ असं लिहिलेलं. त्यातूनही त्याने आमचं काम घेतलं. मजकूर मी दिला, आणि वेलांटी दीर्घ दिली. खरं सांगायचं तर त्या वेळी नियम मला चांगला आठवत होता.

कापड तयार झालं म्हणून आम्ही सगळे बघायला गेलो. निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘ज्येष्ठ पक्षीनिरीक्षक श्री. विद्याधर आगाशे मुलुंडमध्ये! विषय: आपल्या भागात कोण आले, कोण गेले, कोण राहिले. सर्व इच्छुकांनी अवश्य उपस्थित राहावे.’

‘वेलांटी ऱ्हस्व पाहिजे,’ भाऊराव म्हणाले.

‘अण्णा दीर्घ लिहायचे.’

‘अण्णा होते तोवर मी ऐकून घेतलं. आता तरी मंडळाने शुद्ध लिहावं.’

हे ‘आता तरी’ मला लागलं. भाऊरावांच्या ते लक्षात आलं नाही, पण नानांच्या आलं, म्हणून ते मदतीला धावले आणि म्हणाले, ‘दोन्ही लिहा ना. एकीकडे ऱ्हस्व, एकीकडे दीर्घ.’

‘ओ, माझं ऐका,’ धोंडिराम म्हणाला. ‘दुसरी वेलांटी पुसायची म्हटली तर पुसतो. पण पहिली घालायला प आणि क्ष यांच्यामध्ये जागा नाय. अख्खी ओळ परत मारावी लागेल.’

‘मग मार,’ भाऊराव म्हणाले.

‘काही मारायची नाही,’ मी म्हणाले.

‘पुस,’ भाऊराव म्हणाले.

‘पुसू नकोस,’ मी म्हणाले.

वनमालाबाईंनी पिशवीतून शंकरपाळे काढले. धोंडिरामने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पांढऱ्या रंगाचा ब्रश घेतला आणि दीर्घ वेलांटी पुसून टाकली. ‘आता तुम्ही घरी जावा, ठरवा, आणि मला निरोप धाडा. ठरेल ती घालतो.’

ते ठरलं नाही. भाऊराव आणि मी आठवडाभर एकमेकांशी फक्त चिठ्ठ्यांतून बोललो, आणि चिठ्ठ्यांत वेलांटीचा विषय दोघांनीही टाळला. इकडे मोकळी फट वाईट दिसते म्हणून धोंडिरामने वरून शिरोरेघ ओढली, ‘नि’ थोडा रुंद केला, आणि आपण होऊन फलक स्टेशनबाहेर टांगून टाकला. त्याच्या ब्रशला तोच शब्द लिहायची सवय जडलेली होती. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी त्या फलकाखालून रोज कामाला गेले आणि रोज परत आले. रोज तो वाचला. माणूस डोळ्यांनी वाचत नाही, सवयीने वाचतो. मी ग्रंथपाल आहे, हे इथे कोणाला आठवण्याची गरज नाही.

दोनच दिवसांत मुलुंडात पक्षिप्रेमाची लाट आली. वाणी विचारू लागला, ‘साहेब कधी येणार?’ शेजारच्या इमारतीतल्या बायका जिन्यात भेटल्या की अर्थपूर्ण हसत. आणि एका संध्याकाळी दारात पांढराशुभ्र सदरा घातलेला एक दांडगा माणूस उभा राहिला. मागे आणखी माणसं होती, त्यामुळे जिन्यातला उजेड गेला.

‘मी काशीराम परब. मिठागराकडच्या चाळ कमिटीचो अध्यक्ष. गिरणीत हुतंय आधी,’ तो म्हणाला. ‘ताई, निरीक्षक सायब येतत ता खरा?’

‘हो, अगदी नक्की.’

‘त्यांका काय आवाडता?’

मला भरून आलं. मिठागराशेजारी राहणारा हा माणूस, आजवर आमच्या एकाही कार्यक्रमाला आला नव्हता, आणि आता विचारत होता. मी मनापासून सांगितलं, ‘शांतता आवडते. भडक कपडे नकोत. अंगावर धावून जायचं नाही, अंतर ठेवून हळूहळू मागून चालायचं. तुम्ही काही बोलू नका, ते आपोआप बघतात.’

काशीराम एकेक शब्द पाठ करत असल्यासारखा मान हलवत होता. ‘आणि माणसां किती हाडूची?’

‘जितकी आणाल तितकी. हॉल भरला पाहिजे.’

‘भरलो म्हणून समजा,’ तो म्हणाला, आणि जाताना मला वाकून नमस्कार केला. मी दार लावून अण्णांच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, ‘बघा.’ मग आत जाऊन कुकर लावला.

तो गेल्यावर नाना आले. ‘अगं, आधी सांगायचं नाही का?’

‘काय?’

‘उभी राहणार आहेस ते.’

‘कुठे?’

‘असू दे, असू दे. अशा गोष्टी आधी बोलायच्या नसतात,’ असं म्हणून ते डोळे मिचकावून परत गेले. नानांचं वय झालंय, असं मी मनाशी म्हटलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी वनमालाबाई आणि मी गुलाबाची तीन फुलं घेऊन स्टेशनच्या पुलाखाली उभ्या होतो. आगाशे जिना उतरताना दिसले: खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण, खांद्याला शबनम पिशवी. मी पाऊल पुढे टाकलं, आणि ढोल वाजला. काशीरामची माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. सगळे फिकट कपड्यांत होते, आणि सगळे अंतर ठेवून हळूहळू चालत होते, ढोलवाला सोडून. काशीरामने भलामोठा हार आगाशांच्या गळ्यात घातला. हाराखाली दुर्बीण दिसेनाशी झाली.

‘सायब, आमच्या कामाकडे जरा बघा!’

‘मी नुसता बघतो,’ आगाशे कुजबुजले. ‘मत देत नाही.’

‘मत कित्याक, सायब? तिकीट देवा!’

आगाशांनी गोंधळून खिशातलं रेल्वेचं तिकीट काढून दिलं. काशीरामने ते कपाळाला लावलं. पुढच्या क्षणी आगाशे एका अँबॅसिडर गाडीत होते, गाडी काशीरामच्या घराकडे चहाला निघाली होती, आणि वनमालाबाई म्हणत होत्या, ‘सुहास, अगं फलक बघ. वर बघ.’

मी वर बघितलं. ‘ज्येष्ठ पक्षनिरीक्षक.’ त्याखाली: ‘आपल्या भागात कोण आले, कोण गेले, कोण राहिले.’ त्याखाली: ‘सर्व इच्छुकांनी.’

पक्षाने उमेदवार निवडण्यासाठी पाठवलेला माणूस तो पक्षनिरीक्षक, आणि तिकिटासाठी रांग लावतात ते इच्छुक, हे त्या महिन्यात मुलुंडच्या लहान मुलांनाही ठाऊक होतं. कोणता पक्ष, हे आम्ही लिहिलं नव्हतं, त्यामुळे सगळ्याच पक्षांचे आले होते.

‘घरी जायचं का गं?’ वनमालाबाईंनी विचारलं. त्यांनी माझा दंड धरला होता.

‘हॉलवर,’ मी म्हणाले.

हॉल निम्मा नव्हे, ओसंडून भरला होता. डावीकडे काशीरामची माणसं, उजवीकडे धाकू तांडेलची. हा धाकू रिक्षा युनियनचा माणूस. पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता आणि निरीक्षकांना आपल्याआधी काशीरामने पळवलं म्हणून धुमसत होता. मंडळाचे सभासद दोन रांगांत, दुर्बिणी मांडीवर धरून, रानात वाट चुकल्यासारखे बसले होते. भाऊराव मंचावर होते. त्यांचा हात खिशावर होता, ठरावाच्या.

‘वक्ते कुठायत?’

‘चहाला गेलेत. मी सुरू करते.’

‘तू? तू पक्ष्यांवर बोलणार?’

मला पक्ष्यांतलं फार कळत नाही. पण तीस वर्षं एका घरात राहिलं की माणूस जेवताना जे ऐकतो ते अंगात मुरतं. मी माइक धरला. ‘नमस्कार. एक खुलासा. आमचे पाहुणे पक्षाचे नाहीत. पक्ष्यांचे आहेत. चिमण्या-कावळे, ते पक्षी. फलकावर चूक झाली आहे.’

हॉलमध्ये समजूतदार शांतता पसरली. धाकू शेजाऱ्याला म्हणाला, ‘आचारसंहिता आहे ना. डायरेक्ट बोलता येत नाय. बाई कोडवर्डमध्ये बोलतायत.’

मी बोलू लागले. ‘आपल्या मिठागरावर थंडीत पुष्कळ जण बाहेरून येतात. चिखलात जोवर खायला मिळतं, तोवर राहतात. उन्हाळा लागला की निघून जातात.’

उजवीकडून टाळ्या. ‘बरोब्बर! परब कणकवलीहून आलाय!’

‘गप रव रे!’ डावीकडून.

‘ते चिखले घ्या,’ मी म्हणाले. ‘थंडीभर मातकट असतात, ओळखू येत नाहीत. मार्च आला की त्यांचा रंग बदलतो.’

आता दोन्हीकडून आरडाओरडा झाला, कारण पक्षांतरबंदीचा कायदा नुकताच आला होता आणि हॉलमध्ये दोन्ही बाजूंना रंग बदललेली माणसं होती. ‘नाव घ्या, बाई! नाव घ्या!’

‘नाव चिखल्याच आहे.’

‘बाई भारी आहे यार,’ मागून कोणीतरी म्हणालं.

मला राग आला होता, आणि रागाने माझी भीती गेली. मी त्यांना कोकिळा सांगितली. ती स्वतः घरटं बांधत नाही, दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते. धाकू उठून उभा राहिला आणि युनियनचं ऑफिस आपण स्वतःच्या पैशाने बांधल्याचं शपथेवर सांगू लागला. मी त्याला बसवलं. शेकाट्या सांगितला, लांब पायांमुळे खोल पाण्यात चालतो तो. टिटवी सांगितली, उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि माणूस जवळ आला की त्याच्या डोक्यावर ओरडत फिरते, पण जागा सोडत नाही. इथे मात्र कोणी काही ओरडलं नाही. मी म्हणाले, ‘ही राहणारी. ही कुठे जात नाही.’

तेवढ्यात दारात काशीराम आणि आगाशे आले. आगाशांच्या गळ्यात आता तीन हार होते. वाटेत आणखी दोन घरी चहा झाला होता, असं नंतर कळलं. त्यांना मंचावर चढवून माइकसमोर उभं केलं गेलं. माइक आमच्या मंडळाने प्रथमच भाड्याने आणला होता आणि त्याने पहिल्यांदाच आगाशांचा आवाज लोकांपर्यंत पोहोचवला.

‘मी,’ ते म्हणाले, ‘पक्षी बघतो.’ हार बाजूला करून त्यांनी दुर्बीण वर काढून दाखवली. ‘यातून. बस. दुसरं मी काही करत नाही.’

‘म्हणजे तिकीट?’ काशीरामने विचारलं.

‘मघाशी दिलं की. परतीचं होतं. मला ते परत लागेल.’

हॉलमध्ये जी शांतता पसरली ती आता समजूतदार नव्हती. मागच्या रांगांतली माणसं उठू लागली, खुर्च्या करकरल्या. आणि भाऊराव उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे न बघता माइककडे बघत होते.

‘हॉल निम्मा भरला होता, नियमाप्रमाणे,’ मी म्हणाले.

‘भरला होता. पण सभासदांनी नाही. आता रिकामा होतोय.’ त्यांनी कागद उलगडला. ‘मुलुंड पक्षिनिरीक्षण मंडळ हे सभासदांच्या अभावी विसर्जित करण्यात यावे, असा ठराव मी...’

‘थांबा, ओ अध्यक्ष!’ धाकू गरजला. तो दाराशी पोहोचला होता. काशीराम अजून बसलेला आहे हे पाहून तोही वळला. ‘आपल्या वॉर्डातलं मंडळ हाय. बंद-बिंद काय नाय. कोणी ठरवलं?’

काशीराम ताडकन उभा राहिला. इतकी माणसं आणून, इतका चहा पाजून, धाकूच्या हातून मंडळ वाचावं, हे त्याला खपणार नव्हतं. ‘ह्या मंडळ कोण बंद करता ता मी बघतंय! सभासद नाय म्हणता? माजे शंभर सभासद लिवन घेवा!’

‘माझे दीडशे!’

‘सभासदाला पहाटे उठावं लागतं,’ भाऊराव क्षीण आवाजात म्हणाले.

‘आम्ही गिरणीची पहिली पाळी केलेली माणसां! तुमी कधी उठतास ता सांगा!’

‘वर्गणी असते.’

‘माणशी भरू!’

‘ठरावाच्या विरुद्ध कोण?’ मी माइक ओढून विचारलं. असे प्रसंग पुन्हा येत नाहीत. सगळ्या हॉलने हात वर केले. नानांनी दोन्ही केले. वनमालाबाईंनी एक केला, दुसऱ्यात डबा होता. भाऊरावांनी हात मोजायला सुरुवात केली, अर्ध्यावर सोडली, कागदाची पुन्हा घडी घातली आणि फार वेळ ती खिशात कोंबत राहिले. मग मला म्हणाले, ‘सुहास, ठराव फेटाळला गेला. पण दुसरी गोष्ट मी करणार. मला नाही म्हणू नकोस.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मी आधी पाहिलं नव्हतं, किंवा बघत नव्हते. तेही अण्णांबरोबर वीस वर्षं भांडले होते. मी बाजूला झाले.

‘आपल्या मंडळाचे संस्थापक चिटणीस,’ भाऊराव म्हणाले, ‘कैलासवासी अण्णा, यांच्या स्मरणार्थ आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून...’

सगळे उभे राहिले. त्या माणसांना उभं राहायला शिकवावं लागत नाही. पण गप्प उभं राहायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. माइकवरून कोणाचं नाव आलं की काय करायचं, याची त्यांना एकच रीत माहीत होती. काशीरामने मूठ वर केली.

‘अण्णा!’

‘अमर रहे!’ डावी बाजू म्हणाली.

‘अण्णा!’ धाकू ओरडला, त्याहून मोठ्याने.

‘अमर रहे! अमर रहे!’

छताच्या पंख्याखाली शब्द घुमत राहिला. अण्णांना या हॉलमधल्या बहुतेकांनी कधी पाहिलंही नव्हतं. दोन रांगांतले आमचे सभासद एकमेकांकडे बघत होते. मिठागरावर साधं खोकलं तरी अण्णा ज्यांच्याकडे वळून बघत, ती ही माणसं. त्यांतला एक जण पुटपुटला, मग दुसरा, आणि मग तीही ओरडू लागली. वनमालाबाईंचा आवाज एवढा मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आगाशांनी हारांच्या मधून हात काढला, मूठ वळली आणि माइकमध्ये, त्यांच्या त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाले, ‘अमर रहे.’ मी पाठ फिरवून चष्मा काढला आणि पदराला पुसला. तो पुसून होईना.

घोषणा थांबायला वेळ लागला, कारण दोन्ही बाजूंना शेवटची घोषणा आपली हवी होती. मी चष्मा घातला आणि भाऊरावांच्या हातातून माइक घेतला.

‘बसा,’ मी म्हणाले. ‘सगळे बसा. एप्रिलचा कार्यक्रम सांगायचा आहे.’